चिलखत कुठं द्यायचं?

मंडळी, आपल्या इथं वाडे, शाळा, सणावाराच्या आठवणी भरपूर येतात. मी बेळगावचा फाउंड्रीवाला, तेव्हा लोखंडाबद्दलच लिहिणार. तेही जहाजाच्या.

१८७० साली रशियानं सेंट पीटर्सबर्गला 'जनरल-अ‍ॅडमिरल' बांधायला घेतलं. दूरच्या समुद्रात शत्रूची व्यापारी जहाजं धरायची, हे क्रूझरचं काम. पण याच्या कमरेला पाण्याच्या रेषेवर ६ इंची लोखंडी पट्टा होता. चिलखती क्रूझर सुरू झाली ती इथून. इंग्रजांना उत्तर देणं भाग होतं. त्यांच्या नॅथॅनिएल बार्नबी यांनी 'शॅनन' आखलं. ऑगस्ट १८७३मध्ये वेल्समधल्या पेम्ब्रोक गोदीत काम सुरू झालं, नोव्हेंबर १८७५मध्ये ते पाण्यात उतरलं.

खरी मेख वजनात. जहाज लहान हवं, स्वस्त हवं. परदेशात कोळसा कुठं मिळेल न मिळेल, म्हणून शिडंही हवीत. वर १० इंची २ आणि ९ इंची ७ तोफा. एवढं घेतल्यावर चिलखताला वजन उरतं किती? बार्नबींनी पट्टा मध्यभागी ९ इंच, टोकाकडं ६ इंच ठेवला आणि नाळेच्या ६० फूट अलीकडंच थांबवला. तिथं ९ इंची आडवी भिंत घातली. तिच्यापुढं फक्त पाण्याखाली, टक्कर देण्याच्या सोंडेकडं उतरत जाणारा चिलखती डेक. वरच्या भागाला भोकं पडली, पाणी शिरलं, तरी जहाज बुडू नये हा हिशेब. दोन मोठ्या तोफा त्या भिंतीच्या आडोशाला. बाजूच्या तोफांवरची माणसं मात्र उघड्यावर. शत्रूकडं तोंड करून लढलात तरच भिंतीचा उपयोग. शत्रू बाजूनं आला तर देव बघून घेईल!

सोंडही अशी की शांततेच्या काळात काढून ठेवता यावी. त्याच १८७५मध्ये 'आयर्न ड्यूक'नं धुक्यात आपल्याच 'व्हॅनगार्ड'ला धडकून बुडवलं, त्यामुळं ही काळजी काही फुकट नव्हती.

आणि त्या पट्ट्यामागं १० ते १३ इंच जाड सागवान, बरं का. गोळ्याचा दणका ते पोटात घेतं. ओकच्या आम्लानं लोखंड खातं, सागवानातल्या तेलानं नाही. जहाजांसाठी सागवान इतकं तोडलं गेलं की मुंबई इलाख्याला १८४७मध्ये जंगलांसाठी खास अधिकारी नेमावा लागला, डॉ. अलेक्झांडर गिब्सन.

सागवान म्हटलं की मला आप्पा आठवतात. ते पॅटर्न करायचे, पंपाच्या केसिंगचे, सगळे सागवानी. एकदा नेहमीच्या गिऱ्हाईकानं सांगितलं, भिंत १२ मिलिमीटरची ९ करा, बीड किलोवर विकत घेतोय आम्ही. आप्पा म्हणाले, "सगळीकडं नाही. जिथं पाणी आपटतं तिथं १२च राहील, बाकीचं कमी करून देतो." गिऱ्हाईकाला सरसकट पाहिजे होतं. ऑर्डर गेली. त्या वर्षी आईच्या पाटल्या गहाण पडल्या, माझी फी काकांनी भरली. दुसऱ्या कुणीतरी तो पंप ९मध्ये ओतून दिला आणि तो बाजारात चांगला चाललाही. आई पुढं कितीतरी वर्षं म्हणायची, "तीन मिलिमीटरपायी घर उपाशी ठेवलं की हो तुम्ही." आप्पा पानाला चुना लावत बसायचे. आईचं चुकत होतं असं मला आजही म्हणवत नाही.

'शॅनन'चं बोलायचं तर तिच्यावर टीका झालीच. वेग जेमतेम १२ नॉट. क्रूझर पकडायला मंद, मोठ्या चिलखती जहाजाशी भिडायला दुबळी. माझ्या मते बार्नबींनी चिलखताची वाटणी चांगली केली होती. मागणीच अशक्य होती. १८९९मध्ये ती विकून टाकली.

फ्रेंचांनी उलट केलं. नवे स्फोटक गोळे उघडी बाजू फाडून टाकतात हे दिसल्यावर १८९०मध्ये पाण्यात उतरवलेल्या 'द्युप्युई द लोम'ला त्यांनी सगळ्या अंगभर १०० मिलिमीटरचं पोलाद चढवलं. सरसकट! बॉयलरनी मात्र असा दगा दिला की सेवेत यायला १८९५ उजाडलं. आप्पांना हे सांगितलं असतं तर त्यांनी आधी पोलाद कुठल्या ग्रेडचं ते विचारलं असतं, आणि मग बॉयलर कुणी केला ते.