नरसीची परतवारी

आषाढीचा सोहळा आटोपून वारकरी पंढरीहून माघारी फिरतात, आणि वद्य पक्षांतील कामिका एकादशीस मराठवाड्यांतील असंख्य पावलें नरसीकडे वळतात. नामदेवरायांचें दर्शन घडल्यावांचून पंढरीची वारी पुरी होत नाहीं, अशी इकडील भाविकांची समजूत. या येण्यास 'परतवारी' असें सुंदर नांव आहे. त्या गर्दींत आमच्यासारख्या साठी उलटलेल्यांचा निभाव लागणें कठीण. म्हणून यात्रा पांगल्यावर चार दिवसांनीं आम्हीं हिंगोलीहून एस. टी.नें नरसी गांठली.

काळी जमीन, सोयाबीन व हळदीचीं शेतें, आणि पावसानें गढूळ झालेली कयाधू नदी. परंपरेप्रमाणें १२७० सालीं नामदेवांचा जन्म येथें झाला. त्यांचीं ६१ पदें शिखांच्या ग्रंथसाहिबांत आहेत. त्यामुळें पंजाबांतील यात्रेकरूही येथें येतात व गांवांत गुरुद्वाराही आहे.

नामदेवांविषयीं एक कथा वाचकांनीं ऐकली असेल. तरुणपणीं ते वाटमारी करणारांत होते. जवळच्याच औंढ्या नागनाथाच्या देवळांत एका विधवेचा आक्रोश त्यांच्या कानीं पडला, तिच्या नवऱ्याचा घात आपल्याच हातून झाला हें त्यांस उमगलें, आणि तेथेंच त्यांचें जीवन पालटलें. अनेक अभ्यासक ही कथा प्रक्षिप्त मानितात, व ती खरी धरण्याचा आमचाही आग्रह नाहीं. तथापि ती पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्या समाजास तींत संकोच वाटला नाहीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. वाल्या कोळ्यास आपण आदिकवि म्हणून वंदन करितों. मग तुरुंगांतून सुटून आलेल्या माणसास ओसरीवर बसावयास सांगतांना आपली जीभ कां अडखळते?

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत बाल, वृद्ध, रोगी व अनाथ अशा बंदिवानांस राजाच्या जन्मनक्षत्रीं व पौर्णिमेस सोडावें, असें सांगितलें आहे. म्हणजे दयेचा विचार आपल्याकडे परका नव्हता. परंतु बंदिवानाचा माणूस पुन्हां घडवावा कसा, हें शास्त्र मात्र दूरदूरच्या देशांनीं चांचपडत शोधिलें. ऑस्ट्रेलियाजवळील नॉरफोक बेटावर १८४० सालीं अलेक्झांडर मॅकॉनकी या अधिकाऱ्यानें कैद्यास श्रम व सद्वर्तन यांबद्दल गुण देऊन त्या गुणांनीं स्वतःची सुटका कमावूं देण्याचा प्रयोग केला. चार वर्षांतच त्यास परत बोलाविण्यांत आलें. नवें कांहीं करणारांस हें चुकत नाहीं! पुढें स्वित्झर्लंडांतील विट्झविल येथें कैद्यांनीं दलदलीची जमीन पिकाऊ केली.

आपल्याकडे असा प्रयोग झाला तो एका लहानशा संस्थानांत. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून ज्यांस सारा महाराष्ट्र ओळखतो, त्या औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी केली. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडांत जन्मलेल्या, गांधीजींच्या सहवासांत आलेल्या यंत्रविशारद गृहस्थांची. भिंत नाहीं, बेडी नाहीं. कैद्यानें बायकामुलांसह राहावें व शेत पिकवावें. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, पण वसाहत टिकली. ग. दि. माडगूळकर हे त्याच मुलखांतले. त्यांच्या कथेवरून शांतारामबापूंनीं १९५७ सालीं 'दो आंखें बारह हाथ' हा बोलपट काढला. पैठणासही १९६८ पासून खुलें कारागृह आहे.

नॉर्वेतील कारागृहांच्या स्वच्छ खोल्यांचीं छायाचित्रें पाहून आपल्याकडे कित्येकांस राग येतो. आम्हांस त्या खोल्यांचें फारसें कौतुक नाहीं. तेथील पहारेकऱ्यास दोन वर्षें शिक्षण घ्यावें लागतें, याचें आहे. त्याहून मोलाची गोष्ट ही कीं, कैद्यांस शिकविणारा शिक्षक, औषध देणारा वैद्य, पुस्तकें देणारा ग्रंथपाल हे तुरुंगाचे नोकर नसतात. जे बाहेरच्या नागरिकांची सेवा करितात, तेच आंत जातात. कैदी गांवाचाच राहतो. तीस वर्षें शाळेंत घालविलेल्या मनुष्यास ही गोष्ट पटवून द्यावी लागत नाहीं.

आपली स्थिति मात्र निराळी. २०२२ सालच्या सरकारी आंकड्यांप्रमाणें भारतांतील तुरुंगांत चारांपैकीं तीन माणसें अद्याप दोषी ठरलेलींच नाहींत; खटला चालू आहे म्हणून तीं आंत आहेत, आणि खुल्या कारागृहाचा दरवाजा त्यांस नाहीं. सुशिक्षित घरांस आणखी एका गोष्टीनें चमकावयास होईल. कांहीं राज्यांच्या तुरुंग-नियमांत स्वयंपाक कोणत्या जातीच्या कैद्यानें करावा व झाडलोट कोणत्या, हें लिहिलेलें होतें; सर्वोच्च न्यायालयानें ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं तें घटनाबाह्य ठरविलें. चोखोबांच्या अस्थि वेंचून महाद्वारीं आणणारे म्हणून ज्यांची ख्याति, त्या नामदेवांच्या गांवीं हें आठवून आम्हांस बराच वेळ बोलवेना.

घाटावर पंचक्रोशींतील एक वृद्ध माळकरी भेटले. विषय निघतांच ते म्हणाले, "आमच्या गांवांत आहे कीं एक, गुरुजी. बांधावरून भांडण झालं, हातून माणूस गेलं. चौदा वर्षं काढून आला."

"गांवानें घेतलें त्यास?"

"गांवानं घेतलं, घरानं नाहीं. थोरला भाऊ बोलत नव्हता. आईच्या दहाव्याला सुद्धां दोघे लांब लांब बसले."

परतवारीच्या पंगतींत तो मनुष्य दर वर्षीं पाणी वाढतो, असें त्यांनीं सांगितलें. पहिल्या वर्षीं दोघांतिघांनीं पेला उपडा घातला होता. आतां कोणी घालीत नाहीं. भाऊ आतां तरी बोलतो काय, असें आम्हीं विचारलें.

माळकरीबुवा नदीकडे पाहत म्हणाले, "बोलत नाहीं अजून. पण औंदा पत्रावळी उचलायला दोघे एकाच ओळींत होते."