जहाजावर निघताना
मुंबई-गोवा जलप्रवासास प्रथमच निघालो तेव्हा आम्ही दोघांनी तीन मोठ्या बॅगा भरल्या होत्या. बंदरावर त्या चिठ्ठ्या लावून ताब्यात घेतल्या गेल्या आणि केबिनच्या दाराशी आल्या त्या थेट सायंकाळी. सौभाग्यवतींची रक्तदाबाची गोळी त्यांतच! सूर्य मावळला होता. चौविहार असल्याने त्या रात्री त्यांनी गोळी घेतली नाही. मला मात्र झोप लागली नाही.

तेव्हापासून औषधे, ओळखपत्र व एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीतच. इस्त्री तर नेऊच नये, तपासणीत काढून घेतात. प्रथमच निघणाऱ्यांना मी आता मिठाईऐवजी चुंबकाचे आकडे देतो. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, ओला टॉवेल छान अडकतो. मळमळीसाठी सुंठीच्या गोळ्या. गेल्या महिन्यात पुतण्यास औषधांची छोटी कापडी थैलीही दिली. सौभाग्यवतींनी ती स्वतः शिवली.