धरण्याची वेळ, सोडण्याची वेळ

तंजावरजवळचे ओरत्तनाडु मराठी इतिहासाच्या वाचकांना मुक्तांबाळ छत्रामुळे परिचित आहे. दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातील या छत्रात वाटसरूंना अन्न मिळे आणि मुलांना विद्या. आज त्याच गावात पशुवैद्यक महाविद्यालय आहे. गाय वारंवार का उलटते, हा पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यापुढचा नित्याचा प्रश्न. आहार, जंतुसंसर्ग, रेतनाची चुकलेली वेळ अशी कारणे अनेक. भ्रूणातील गुणसूत्रांची संख्या चुकणे हेही त्यांपैकी एक. ही चूक समजून घेण्याची वाट गोठ्यातून निघते आणि यीस्टपाशी पोहोचते.

पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या द्विगुणित पेशीत गुणसूत्रांच्या 16 जोड्या असतात. उपासमार झाली की ती अर्धसूत्री विभाजनाकडे वळते. डीएनएची प्रत एकदाच निघते, विभाजने मात्र दोन होतात. नीट वेगळे होण्यासाठी जोडीतील गुणसूत्रांना आधी एकमेकांना घट्ट धरावे लागते. पेशी स्वतःच डीएनए ठिकठिकाणी तोडते, दुरुस्ती करताना जोडीदाराशी तुकड्यांची अदलाबदल करते आणि दोघांमध्ये प्रथिनांची जणू चेन लावते.

हा क्रम सांभाळतात ती पेशीचक्रातील नेहमीचीच कायनेज विकरे. सीडीसी28 आणि सीडीसी7 ही डीएनएची प्रत काढण्यास चालना देतात आणि पुढे तोडण्याची परवानगीही. सोडण्याची आज्ञा मुख्यतः पोलो वंशातील सीडीसी5 कडून येते. अनुराधा सौरिराजन आणि मायकेल लिख्टन यांनी 2008 मध्ये हे दाखवून दिले. या टप्प्यावर थांबलेल्या पेशींत केवळ सीडीसी5 निर्माण करवताच प्रथिनांची चेन सुटली आणि डीएनएतील गुंतलेले सांधेही मोकळे झाले.

तरीही सर्व बंध एकदम सुटत नाहीत. पहिल्या विभाजनात गुणसूत्रांच्या भुजांवरील कोहेसिन तुटते. मध्यबिंदूजवळचे शुगोशिन नावाचे प्रथिन राखून ठेवते. ते दुसऱ्या विभाजनात तुटते.

यीस्टमध्ये हा सारा खेळ काही तासांत आटोपतो. स्त्रीच्या अंडपेशीत तो तिच्या जन्माआधी सुरू होतो आणि मध्येच कित्येक वर्षे थांबतो. तोवर कोहेसिन झिजत जाते. वाढत्या वयात गर्भपाताचा आणि डाउन सिंड्रोमचा धोका वाढण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. ज्या घरात गर्भ टिकत नाही, तेथे दोष बहुधा स्त्रीच्या वागण्यावर ठेवला जातो. अनेकदा त्याचे मूळ एका सूक्ष्म बंधाच्या अवेळी सुटण्यात असते.