मास्तरांचं देणं

न्यू जर्सीत आमच्या शेजारी एक निवृत्त लॅटिन शिक्षक राहत. आई भारतातून आली की त्यांना सरळ 'मास्तर' म्हणायची. मग आम्हीही तेच म्हणू लागलो. नाण्यांचं वेड त्यांनी मला लावलं आणि शिकवणीचा एक डॉलरही कधी घेतला नाही.

शनिवारी डायनिंग टेबलावर ते मखमलीचा तुकडा अंथरत. नाणं कडेने धरायचं, पुसायचं मुळीच नाही, दिवा तिरपा ठेवायचा. चांदीचा रोमन दिनारिअस आपल्या डाइमएवढाच, पण हाताला जड. त्यांचा लाडका होता प्लॉटिलाचा. एका बाजूला तिचा चेहरा. दुसरीकडे ती आणि तिचा नवरा, रोमन सम्राटपुत्र कॅराकॅला, हातात हात घेऊन उभे, भोवती 'चिरंतन एकोपा' अशा अर्थाची अक्षरं. लग्न इ.स. २०२ मधलं. २०५ मध्ये तिच्या बापाचा खून झाला, तिची रवानगी बेटावर झाली आणि कॅराकॅलाच्या हाती सत्ता आल्यावर तिलाही संपवलं. "आता ते हात पुन्हा बघ," मास्तर म्हणत. वर मिश्किलपणे सांगत, की चांदीतही निम्म्याच्या आसपास तांबंच आहे!

चित्र कुणी कोरवलं, कुणाला पटवायला, हे विचारायची खोड तेव्हापासून जडली. १९१६ ते १९४५ पर्यंत पाडलेला जुना डाइमही त्यातून सुटला नाही. पुढे पंखांच्या टोपीतली स्वातंत्र्यदेवता, मागे काठ्यांची मोळी आणि कुऱ्हाड, रोमन अधिकाऱ्यांपुढे मिरवायची तीच. मुसोलिनीनेही तीच उचलली होती.

मी नाशिकचा म्हटल्यावर मास्तर पटकन म्हणाले, "नहपान!" १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभीला सापडलेला, या क्षत्रप राजाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा त्यांना ठाऊक होता. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलाय. नाणी वितळवली नाहीत. क्षत्रपाच्या तोंडावरच आपली तीन कमानींची टेकडी ठोकली. हरलेला राजा बाजारात हातोहाती फिरत राहिला पाहिजे, हा हिशोब मास्तरांना फार आवडे. मलाही.

असं एक नाणं त्यांना द्यावं, असं फार मनात होतं. पण १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपलीकडचं नाणं देशाबाहेर नेता येत नाही, आणि "तसलं काही आणायचं नाही," असं त्यांनीच बजावलं. मी फोटो मोठा करून दिला. त्यांनी टेकडीखाली दबलेलं नहपानाचं नाक पेन्सिलीने गिरवलं आणि फोटो मलाच परत केला. म्हणजे देणं वाढलंच.