थांबा म्हणणं मी सोडलं

पुण्यात मंडईमागच्या गल्लीत मी बरीच वर्षं बालवाडी चालवली. गाळेवाल्यांची, हमालांची, तुळशीबागेतल्या दुकानदारांची मुलं माझ्याकडे येत. "बाई, पोर अजून बोलत नाही हो," असं म्हणत कुणी आई आली की माझं उत्तर ठरलेलं असे : थांबा, बोलेल. हे मी मनापासून सांगत होते आणि त्याला कारणंही होती. काही मुलं तिसरं वर्ष लागेपर्यंत गप्प असतात आणि मग त्यांच्या तोंडाला खळ नसतो. शिवाय दोन वर्षांच्या लेकराला एखादं नाव चिकटलं की नातेवाइकांपासून शाळेपर्यंत सगळ्यांना आधी ते नावच दिसतं. ही भीती मला आजही खरी वाटते. तरीही थांबा हा सल्ला आता मी देत नाही.

मत बदललं ते एका बोरन्हाणाच्या व्हिडिओमुळे. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला पुढे ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं निदान झालं. त्यानंतर त्याच्या आईनं मला मोबाईलवर जुना व्हिडिओ दाखवला. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर तो आणि त्याच्याच वयाची चुलत बहीण. दोघं सव्वा-दीड वर्षांची. वरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे पडले तशी बहीण दचकली आणि तिनं पहिल्यांदा आईचा चेहरा शोधला. आई हसतेय म्हटल्यावर तीही हसली, मग एक बोर उचलून तिनं आईला दाखवलं. तोही खुशीत होता. पण त्याचं बोर पाटावर गोल फिरत होतं, फिरतच राहिलं. चार बाजूंनी त्याच्या नावानं हाका चालल्या होत्या. मान एकदाही वर झाली नाही. "बाई, आम्ही बोलण्याची वाट बघत बसलो," आई म्हणाली, "आणि हे तर बोलण्याच्या आधीच दिसत होतं."

पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, की अमेरिकेत जूली ऑस्टरलिंग आणि जेराल्डीन डॉसन यांनी १९९४ साली नेमकं हेच तपासलं होतं. त्यांनी पहिल्या वाढदिवसाची घरगुती चित्रणं पाहिली. ११ मुलं पुढे स्वमग्न ठरलेली, ११ इतर. फरक दिसला तो माणसांच्या चेहऱ्याकडे बघण्यात, वस्तू दाखवण्यात, बोट दाखवण्यात आणि हाकेला वळण्यात. "पण तो बाळ असताना छान हसायचा," असं घरचे सांगतात, तेही खोटं नसतं. सॅली ओझोनॉफ आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात सहा महिन्यांच्या वयाला फारसा फरक आढळला नव्हता. चेहऱ्याकडे बघणं, हसणं नंतर हळूहळू ओसरत गेलं होतं.

तेव्हापासून मंडईत गेले की माझं लक्ष मुलांच्या बोटांकडे जातं. कडेवरचं पोर केळ्याच्या घडाकडे बोट करतं, ते केळं हवं म्हणून. तेच पोर डांगराच्या ढिगाकडे बोट करून आईच्या तोंडाकडे बघतं, तेव्हा त्याला डांगर नको असतं; ते आईनं बघायला हवं असतं. चांदोबा दाखवताना, चिऊ-काऊचे घास भरवताना आपण हेच तर करतो. हे दुसऱ्या प्रकारचं बोट दीड वर्षापर्यंत यायला हवं. त्याआधी नवव्या महिन्याच्या सुमारास नावानं हाक मारली की वळणं, वर्षाच्या आसपास बुवा-कुक आणि टाटा. काही मुलं बोट करतच नाहीत. आईचं मनगट धरून तिचा हात डब्यावर नेऊन ठेवतात आणि तिच्या चेहऱ्याकडे मात्र बघत नाहीत. कुणाचे आलेले चार शब्दही दीड-दोन वर्षांच्या दरम्यान निघून जातात. तसं झालं तर एक दिवसही दवडू नये.

एखाद्या खुणेवरून निदान होत नाही. कानांची तपासणी तर आधी व्हायलाच हवी. आणि "आई दिवसभर गाळ्यावर बसते म्हणून पोर असं झालं" हे कुणीही म्हणू नये. एके काळी मोठमोठे डॉक्टरसुद्धा आईच्या थंडपणाला दोष देत. ते मत शास्त्रानं केव्हाच टाकून दिलं आहे.

लवकर कळून करायचं काय, हा माझाच जुना प्रश्न. त्याचं उत्तर मला गोव्यात सापडलं. तिथली 'संगत' ही संस्था आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे मिळून दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांवर एक चाचणी झाली. निष्कर्ष २०१६ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त आले. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी आईवडिलांना मुलाशी खेळतानाचं त्यांचंच चित्रण दाखवलं, मूल कशाकडे बघतंय ते हेरून त्याच्या कलानं जायला शिकवलं. त्या मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. स्वमग्नता त्यानं जात नाही, जायचीही नसते. पण असं खेळायला निदानाच्या कागदाची वाट बघावी लागत नाही, आणि कुणाला नाव चिकटतही नाही. हनुवटी धरून "माझ्याकडे बघ" म्हणणं मला तेव्हापासून बघवत नाही. मूल बोर फिरवतंय ना, आपण शेजारी बसून दुसरं बोर फिरवावं.

आयांनो, आज्यांनो, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत स्वमग्नता आहे. मंडईपासून रास्ता पेठ लांब नाही. तिथे केईएम रुग्णालयाचं बालविकास केंद्र आहे. "बोलत नाही" एवढंच सांगू नका. हाकेला वळतो का, बोट दाखवतो का, दाखवून तुमच्याकडे बघतो का, हे आपणहून सांगा. आणि कुणी "थांबा" म्हटलंच, तर किती महिने थांबायचं आणि त्यानंतर कुठे जायचं, हे विचारल्याशिवाय उठू नका.