आजीने वाहिलेला तलाव

मी सहावीत होतो तेव्हाची गोष्ट. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कुशीत, जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात धावडा नावाचं गाव आहे. आमचं खेडं त्याच्याच जवळ. गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आणि तलावाच्या पाळीखाली गावची पिण्याच्या पाण्याची विहीर.

पाझर तलाव म्हणजे काय, हे शहरातल्या मुलांना कदाचित ठाऊक नसेल. या तलावाला कालवा नसतो. ओढ्याला आडवी मातीची पाळ घालायची, पावसाचं पाणी अडवायचं आणि ते जमिनीत मुरू द्यायचं. मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना उतरतं. म्हणून वरून बघणाऱ्याला वाटतं, हे पाणी नुसतं पडून आहे, कुणाच्याच कामाचं नाही! खरं तर ते गुपचूप काम करत असतं.

हा तलाव १९७२ च्या दुष्काळातला. त्या साली महाराष्ट्रात लाखो माणसं दुष्काळी कामांवर होती. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव अशी कामं गावोगाव निघाली. आजी तेव्हा नवी नवरी होती. ती सांगायची, "खडी फोडून हाताला फोड आले, मग मला मातीच्या पाट्यांवर घेतलं. दुपारी सुकडी मिळायची, घरी मिलोच्या भाकरी. तांबड्या मिलोची भाकर घशाखाली उतरत नव्हती रे लेकरा, पण खाल्ली." तलावाची पाळ दिसली की ती हात जोडायची. आम्हां मुलांना त्याचं हसू यायचं. देऊळ नाही, मूर्ती नाही, मातीच्या ढिगाऱ्याला कसला नमस्कार?

२०१२ साली पाऊस नावापुरता झाला. मराठवाड्यात त्या वर्षी जालना जिल्ह्याची स्थिती फार बिकट होती. मोसंबीच्या बागा उभ्या वाळत होत्या. आमच्याही दोनशे झाडं होती. बाबांनी कर्ज काढून लावलेली, नुकती फळाला आलेली. आमच्या शेतातल्या विहिरीने डिसेंबरातच तळ गाठला.

तलावात मात्र मधल्या खोलगट भागात पाणी होतं. गावात दवंडी झाली, "तलावाचं पाणी पिण्यासाठी राखून ठेवलं आहे, कुणीही मोटार टाकू नये होऽऽ!" बाबांनी दवंडी ऐकली आणि काहीच बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात एका रात्री त्यांनी मला उठवलं. "चल, बॅटरी धर." शेतीची वीज रात्रीच यायची. काठावरच्या बाभळीच्या काट्यांखाली पाच हॉर्सपॉवरची मोटार लपवलेली होती. पाइपाच्या टोकाला जो फूटव्हॉल्व्ह असतो त्याला आमच्याकडे फुटबॉल म्हणतात. तो पाण्यात खोल सरकवायचं काम माझं. गार चिखलात मी गुडघाभर उतरायचो, बाबा वरून हळू आवाजात सांगायचे, "अजून थोडा आत." मोटार चालू झाली की पाइप थरथरायचा आणि मला गंमत वाटायची. खोटं कशाला सांगू? मला आपण फार मोठं काम करतोय असं वाटायचं. पहाट व्हायच्या आत सगळं पुन्हा काट्यांखाली जायचं.

मार्च उजाडला. आमच्या विज्ञानाच्या सरांनी वर्गाला तलावावर नेलं. त्यांनी काठाजवळच्या पाण्यात एक बांबू रोवला, त्यावर सेंटिमीटरच्या खुणा केल्या आणि म्हणाले, "रोज सकाळी दोघांनी यायचं आणि पाणी किती उतरलं ते लिहायचं."

आठ दिवसांनी वहीत बघितलं तर पाणी रोज साधारण पाच सेंटिमीटर उतरत होतं. सरांनी फळ्यावर गणित मांडलं. तलावात पाणी उरलं होतं अंदाजे एक हेक्टरवर. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावरचा एक सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे शंभर घनमीटर, म्हणजेच एक लाख लिटर!

"आता सांगा," सर म्हणाले, "रोज पाच लाख लिटर पाणी जातं कुठे? आपल्याकडच्या कडक उन्हात दिवसाला जेमतेम एक सेंटिमीटर पाण्याची वाफ होते. म्हणजे एक लाख लिटर ऊन पितं. काही जमिनीत मुरतं, ते खालच्या विहिरीला मिळतं. पण तसं असेल तर विहिरीचं पाणी इतकं खाली का गेलं? बाकीचं पाणी कुठे जातं?"

कुणी म्हणालं गुरं पितात, कुणी म्हणालं पाखरं पितात. वर्ग हसला. मी खाली मान घालून बसलो होतो.

मग सरांनी आणखी एक गणित घातलं. "एक मोटार तासाला पंचवीस हजार लिटर पाणी ओढते. आठ तासांत किती? आणि माणशी रोज चाळीस लिटर धरले तर तेवढं पाणी किती माणसांना पुरेल?" मी वहीत मांडलं. दोन लाख लिटर. पाच हजार माणसं. आमच्या बागेची एक रात्र म्हणजे पाच हजार वस्तीच्या गावाचं एका दिवसाचं पाणी!

त्या संध्याकाळी विहिरीवर बायकांची ही गर्दी होती. पोहरा टाकला की नुसता खडखडाट. एका मुलाला दोर बांधून खाली सोडलं होतं आणि तो वाटीवाटीने पाणी भरत होता. आजी रांगेत दोन तास बसून अर्धा हंडा घेऊन घरी आली. तो गढूळ हंडा बघून मला रडूच फुटलं. मी तिला सगळं सांगून टाकलं.

आजी बराच वेळ काही बोलली नाही. रात्री बाबा जेवायला बसले तेव्हा तिने ताटाशेजारी तो हंडा ठेवला.

"आज मोटार टाकायची नाही," ती म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "माय, झाडं मेली तर बँकेचं कर्ज कोण फेडणार? आणि मी एकटाच आहे का? पलीकडच्या काठाला अजून दोघं ओढतात. मी थांबलो म्हणून पाणी थोडंच राहणार आहे? ते नेतील."

"झाडं तुझी आहेत. पाणी तुझं आहे का? या डोक्यावरून वाहिलाय मी तो तलाव. एकटीने नाही, सगळ्या गावाने. ज्याच्याकडे गुंठाभर रान नाही त्यानंही वाहिलाय."

बाबा अर्धपोटी उठले. पण त्या रात्री त्यांनी मोटार टाकली नाही.

मुलांनो, बाबांचा प्रश्न मात्र खोटा नव्हता. जे सगळ्यांचं असतं त्याची अडचण हीच असते. मी नाही घेतलं तर दुसरा नेणार, म्हणून प्रत्येक जण घाई करतो आणि शेवटी सगळ्यांचाच घसा कोरडा पडतो. मोठा झाल्यावर मी वाचलं, की या प्रश्नाशी आपल्या महाराष्ट्रात कितीतरी लोक झगडले आहेत. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणसांच्या संख्येने वाटलं गेलं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला मनाई. आजीचं म्हणणं तरी दुसरं काय होतं?

उलटं उदाहरणही आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागांत हजारो जुने मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाच्या लोकांनी ते मोठ्या हुशारीने बांधले. गावं त्यांची निगा राखत. १९५० नंतर मालगुजारी गेली आणि तलाव सरकारी झाले. पुष्कळ ठिकाणी गावाला वाटू लागलं, आता हे आपलं काम नाही. गाळ साचला, बेशरम माजली, मासे कमी झाले. आता तिथली काही गावं आणि ढीवर मंडळी पुन्हा तलाव साफ करून पाणवनस्पती लावत आहेत.

आपल्या जालना शहराचं बघा. मलिक अंबरच्या काळात इथला सुभेदार जमशेदखान याने मोती तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळांनी पाणी शहरातल्या हौदांत आणलं. पुढे निजामाच्या राजवटीत घाणेवाडीचा तलाव झाला, तिथून पाणी विजेशिवाय उताराने शहरात येतं. दुष्काळात तो आटला तेव्हा जालनेकरांनी एकत्र येऊन गाळ उपसला.

आता पुन्हा आमच्या गावाकडे येतो. बाबांनी मोटार काढली, तरी बांबूवरचं पाणी उतरतच राहिलं. आठवडाभराने ग्रामसभा झाली. बाबा उठले आणि म्हणाले, "आधी माझं नाव लिहा. मी तीन महिने चोरून पाणी ओढलं." सभा एकदम गप्प झाली. मग सरांच्या वहीतले आकडे वाचले गेले. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावरच्या दोन्ही मोटारी निघाल्या. विहिरीत एकदम पाणी वाढलं असं झालं नाही, गावाला टँकर लागलाच. पण पावसाळ्यापर्यंत विहीर पूर्ण आटली नाही.

आमची सव्वाशे झाडं वाळली. उरलेली सांडपाण्यावर आणि बुडाशी पाचट अंथरून कशीबशी जगली. बाबा पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कर्ज फेडायला पाच वर्षं लागली. हे मी मुद्दाम सांगतो आहे. सर्वांचं पाणी राखायचं म्हणजे कुणाला तरी त्याची किंमत द्यावी लागते, आणि ती एकट्यावर पडू नये हेही गावानेच बघायला हवं. मे महिन्यात तलावातला गाळ काढला, तेव्हा पहिल्या ट्रॉल्या आमच्या रानात टाकायचं गावाने ठरवलं. त्या दिवशी बाबा माझ्याशी बोलले. म्हणाले, "चल, गाळ पसरायला खोरं घे."

आता तलावात बांबूच्या जागी सिमेंटचा खांब आहे. त्यावर आकडे रंगवले आहेत. संक्रांतीच्या सुमारास गाव ते बघतं आणि उन्हाळ्यात कोणती पिकं घ्यायची नाहीत ते ठरवतं. आकडे लिहिण्याचं काम अजून शाळेकडेच आहे.

तुमच्या गावात, शहरात एखादं तळं असेलच. ते कुणी बांधलं, त्यात पाणी कुठून येतं, कोण नेतं, घाण कोण टाकतं, एवढं तरी आई-बाबांना विचारून बघा. त्यांना ठाऊक नसेल तर आजीला विचारा.

आमची आजी आता नाही. मागच्या संक्रांतीला गावी गेलो तेव्हा तलावावर चक्कर मारली. पाचवीतली एक मुलगी खांबावरचा आकडा वहीत लिहून घेत होती. मी विचारलं, "किती आहे गं?" ती म्हणाली, "एकवीस. काल बावीस होता." मग जरा संशयाने माझ्याकडे बघत तिने विचारलं, "तुम्ही कोण? मोटार टाकायला तर नाही ना आलात?"