अंकावरचें मूल

आयर्विन पुलापाशीं पाणी किती फूट आलें, हें विचारणें आम्हां सांगलीकरांचा श्रावणांतला नित्यनेम होऊन बसला आहे. १९२९ सालीं उघडलेल्या या पुलापाशीं कृष्णामाईची उंची मोजली जाते. चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका, हें आमच्या गांवभागांतील शेंबडें पोरही सांगेल. चाळिसाचा आंकडा कानीं येतांच आमचें कुटुंब डाळतांदुळाचे डबे माळ्यावर चढवूं लागतें. पंचेचाळीस झाले कीं मी माझ्या पोथ्यांचें गांठोडें उचलतों. २०१९ च्या ऑगस्टांत तो आंकडा सत्तावन्नाच्याही वर गेला, तेव्हां डबेही गेले आणि कांहीं पोथ्याही गेल्या. तरी एवढें खरें कीं तो आंकडा पुलावर बसून राहत नाहीं. तो घरोघर चालत येतो, आणि ऐकणारा हातांतलें काम टाकून उठतो. या गोष्टीचा मीं पूर्वीं कधीं विचार केला नव्हता. गेल्या आषाढांत नातवाला घेऊन अंगणवाडींत गेलों असतां तो सुचला.

अंगणवाडीची सेविका माझी जुनी विद्यार्थिनी. तो वजनाचा दिवस होता. एकेक मूल काट्यावर चढे, ती त्याची उंची घेई आणि मोबाईलांत आंकडे भरी. ज्यांच्या घरीं लहान मूल नाहीं अशा वाचकांसाठीं सांगतों: केंद्र शासनानें २०२१ सालीं ‘पोषण ट्रॅकर’ नांवाची व्यवस्था सुरू केली. वय, वजन आणि उंची भरली कीं मूल रीतसर वाढतें आहे कीं मागें पडलें आहे, हें तें यंत्र क्षणांत सांगतें. दंडाचा घेर मोजावयाची एक फीतही असते. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरांच्या खालीं आला तर तें तीव्र कुपोषण समजतात. आरंभीं या मोबाईलांतील सर्व कारभार इंग्रजी, आणि मोबाईलही कामाला न पुरणारे, म्हणून २०२१ सालीं महाराष्ट्रांतील अनेक सेविकांनीं ते परत करून टाकले होते. मला त्यांचें करणें रास्त वाटलें. मुलाला मराठींत जोजवावयाचें आणि त्याचें वजन तेवढें इंग्रजींत लिहावयाचें, हा काय न्याय?

आमच्या नातवानें काट्यावर उड्या मारून घेतल्या. त्याच्यामागून एक तीन वर्षांची मुलगी चढली. सेविकेचा चेहरा उतरला.

“गुरुजी, तीन महिने झाले, हिचें वजन तेथेंच आहे.”

“मग आतां काय होतें?”

“आंकडा वर जातो.”

“आणि खालीं केव्हां येतो?”

ती हंसली. म्हणाली, “तें मला ठाऊक नाहीं, गुरुजी. मी आपली संध्याकाळीं तिच्या घरीं जाऊन येतें.”

त्या रात्रीं मीं मनाशीं मोजूं लागलों. ही अंगणवाडी राज्याच्या महिला व बालविकास विभागाची. त्या मुलीस लस टोंचली ती महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत, आणि तिची नोंद तेथें. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं सुरू झाला, त्याचें डॉक्टरांचें पथक मुलांना तपासून जातें. त्याची वही निराळी. उद्यां ती शाळेंत जाईल तेव्हां शिक्षण खात्याच्या ‘यू-डायस’ नोंदणींत तिचें नांव पुन्हां एकदां चढेल. १९९८ सालीं सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली. तीन गांवें एका दप्तरांत आलीं. एक मूल मात्र अद्याप चार दप्तरांत विखुरलेलें आहे.

हें मी इतक्या पोटतिडिकीनें कां लिहितों, तें सांगितलें पाहिजे. फार वर्षांपूर्वीं जिल्ह्यांतील एका दुसऱ्याच गांवीं मी चौथीच्या वर्गावर होतों. हजेरीपट टापटिपीनें ठेवण्याविषयीं माझी ख्याती होती. तोंडच्या हिशेबांत पटाईत असा एक मुलगा वर्गांत येईनासा झाला. मीं नियमाप्रमाणें दिवस मोजले, त्याच्या नांवावर तांबडी रेघ ओढली आणि शेऱ्याच्या रकान्यांत ‘स्थलांतर’ असें सुवाच्य अक्षरांत लिहिलें. मला तसें कोणीं सांगितलें होतें? कोणींही नाहीं. ऊसतोडीचे दिवस होते, तें कारण खपून जाई, म्हणून लिहिलें. त्याचें घर शाळेपासून दहा मिनिटांच्या वाटेवर होतें.

दोन वर्षांनीं एका हळदीच्या वखारींत तो मला पोतीं शिवतांना दिसला. पापण्यांपर्यंत पिंवळा झालेला. मला पाहून उठून उभा राहिला. मीं विचारलें, “अरे, तुम्ही परत केव्हां आलांत?”

“आम्ही कुठं गेलोंच नव्हतों, गुरुजी. धाकटीला घेऊन आई रोज दवाखान्यांत जायची. घरीं तान्हा होता, त्याला बघायला मी.”

तो दवाखाना आमच्या शाळेच्या पाठीमागेंच होता. मधल्या सुटींत त्याच्या ओट्यावर बसलेल्या बाया आम्हांस दिसत. त्यांत त्या मुलाची आई असे, आणि त्या मुलीचें नांव तेथील वहींत रोज लिहिलें जात असे. भिंतीच्या अलीकडे मी, माझ्या वहींत, तिच्या भावाला गांवाबाहेर पाठवीत होतों. धाकटी आतां कशी आहे, असें मीं विचारलें. “ती गेली,” एवढें बोलून तो खालीं बसला आणि पुन्हां शिवूं लागला. त्या वर्षीं तपासणीस आलेल्या साहेबांनीं माझ्या पटावर ‘नोंदी समाधानकारक’ असा शेरा दिलेला होता.

यंत्र असतें तर हें टळलें असतें काय? माझ्यासारखा मास्तर ‘स्थलांतर’ हा शब्द यंत्रांतही तितक्याच सुवाच्यपणें भरील. परंतु दोन वह्या एकमेकींशीं बोलल्या असत्या तर माझें खोटें चार दिवसांत उघडें पडलें असतें, हें निश्चित. स्थलांतरित माता-बालकांची नोंद गांव सोडतांना आणि नव्या गांवीं पोंचल्यावर ठेवणारी ‘महा-एमटीएस’ नांवाची संगणकीय व्यवस्था आपल्या राज्यानें केली आहे. ऊसतोडीस आलेल्या कुटुंबाचें मूल फडावर असलें तरी त्याचा आहार तेथील अंगणवाडींत मिळावा, हा तिचा हेतु. आमच्यासारख्या ऊसपट्ट्याला तर ती फारच अगत्याची. मला ती तेव्हां मिळाली असती तर तो शब्द लिहितांना निदान कोणत्या गांवीं, असा प्रश्न मला पडला असता.

ही कल्पना अगदींच नवी नव्हे. शेजारच्या कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें आणि मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेविला. दंड करावयाचा तर मूल कोणाचें, किती वर्षांचें आणि तें आहे कोठें, हें प्रथम कोणीतरी दारोदार जाऊन लिहिलेंच पाहिजे. अलीकडे पुणें महापालिकेनें हॉलंडांतील व्हॅन लीर संस्थेच्या साहाय्यानें ‘अर्बन ९५’ हें काम हातीं घेतलें. पंच्याण्णव सेंटिमीटर म्हणजे सुमारें तीन वर्षांच्या निकोप मुलाची उंची. तेवढ्या उंचीवरून रस्ता, बाग आणि दवाखाना कसा दिसतो, हें पाहून शहर सुधारावयाचें. मला ही युक्ति फार आवडली. मीं एकदां ओटीवर उकिडवा बसून आमची गल्ली तेवढ्या उंचीवरून पाहिली. गटाराशिवाय कांहीं दिसलें नाहीं.

अमरकोशांत ‘अंक’ या शब्दाचे मांडी आणि खूण असे दोन अर्थ दिले आहेत. आपण आंकडा म्हणतों तो त्याच शब्दाचा वंशज. तेव्हां मूल अंकावर घ्यावयाचें तें कोणत्या, इतकाच काय तो वाद. एक भेद मात्र महापालिकेनें विसरूं नये. पुराचा आंकडा चवाठ्यावर ओरडून सांगावा. मुलाचें वजन, आजार, गैरहजेरी हीं ओरडावयाचीं नव्हेत. ज्या सेविकेनें, परिचारिकेनें किंवा शिक्षकानें त्या दाराशीं जावयाचें आहे, तिच्या हातीं तो त्याच आठवड्यांत खालीं आला पाहिजे, आणि इतरांच्या हातीं मुळींच जातां कामा नये. सध्यां वर जाण्याचा मार्ग राजरस्त्यासारखा प्रशस्त आहे आणि खालीं येण्याची पाऊलवाट त्या बिचाऱ्या सेविकेच्या चपलांनीं पडते तेवढीच.

ती त्या मुलीच्या घरीं गेली होती. आई दिवसभर कामावर, मूल आजीपाशीं, आणि आजीला दिसत नाहीं. डबा ठेवलेला, भरवणारें कोणी नाहीं. इतकाच रोग होता. आतां दुपारीं अंगणवाडीची मदतनीस तिला थांबवून घेते आणि जेवूं घालूनच घरीं सोडते. भाद्रपदांत पुन्हां वजनाचा दिवस आला. मी नातवाला घेऊन परतलों तों कुटुंब दारांतच उभें. पुराच्या दिवसांत विचारतात त्याच स्वरांत तिनें विचारलें, “किती झालें?”

“चढतें आहे,” मीं म्हणालों. तिनें आंकडा विचारला. तो मीं सांगितला नाहीं.